पहिल्या तासाचा साहेब कोण?

16 एप्रिल 2023, रविवार. खारघरच्या कॉर्पोरेट पार्कच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा होता. लाखो माणसं उघड्यावर बसली होती, त्यातली बरीचशी आदल्या रात्रीच येऊन थांबलेली. पाहुण्यांना मंडप, गर्दीच्या डोक्यावर आभाळ. कार्यक्रम संपेपर्यंत दुपारचा एक वाजला. ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशनच्या केंद्रावर त्या दिवशी पारा 38 अंशांवर गेला होता. उष्माघाताने 14 जण गेले.

भूकंप नव्हता, पूर नव्हता, डोंगर खचला नव्हता. तारीख ठरलेली, जागा ठरलेली, गर्दीचा अंदाज ठाऊक आणि कोकणपट्टीतलं एप्रिलचं ऊन तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. तयारीला यापेक्षा जास्त वेळ देणारी आपत्ती मिळणार नाही. तरीही माणसं मेली, म्हणून नवी मुंबईत आपत्ती व्यवस्थापनाविषयी बोलायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते.

त्या मैदानाचे कारभारी मोजू. जमीन सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची. हद्द पनवेल महापालिकेची. जिल्हा रायगड, म्हणजे जिल्हाधिकारी अलिबागला. पोलीस मात्र नवी मुंबई आयुक्तालयाचे. कार्यक्रम राज्याच्या सांस्कृतिक कार्य विभागाचा. यातल्या प्रत्येकाने आपापलं काम केलं असेल. कुणी मैदान दिलं, कुणी बंदोबस्त लावला, कुणी रुग्णवाहिका उभ्या केल्या. पण साडेअकराच्या सुमाराला "बस्स, आता थांबवा, माणसांना सावलीत न्या" असं म्हणण्याचा अधिकार त्यातल्या नेमक्या कुणाकडे होता? हे कुठल्या कागदावर लिहिलं होतं?

नंतर चौकशीसाठी एकसदस्यीय समिती नेमली गेली. दुपारी 12 ते 5 उघड्यावर कार्यक्रम घ्यायचे नाहीत, असंही सरकारने जाहीर केलं. निर्णय योग्य होता. तो 15 एप्रिलला हवा होता.

अहमदाबाद महापालिकेने उन्हाळ्यासाठीचा कृती आराखडा 2013 मध्येच केला होता. 2010 च्या उन्हाळ्यात तिथे माणसं मोठ्या संख्येने दगावली, त्यातून तो आला. त्याचं मर्म साधं आहे: पारा अमुक अंशावर गेला की अमुक माणसाने अमुक गोष्ट करायची. हवामान खातं किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेचा विचार 37 अंशांपासून सुरू करतं. म्हणजे खारघरसाठीही आकडा कुणाला शोधून काढायचा नव्हता, तो तयार होता. त्या आकड्याला एखाद्या अधिकाऱ्याचं नाव आणि एखादी कृती तेवढी जोडायची राहिली होती.

आधी लिहिलेला आकडा एवढ्याचसाठी लागतो की लहान अधिकाऱ्याला मोठ्या पाहुण्यासमोर "नाही" म्हणता यावं. मंचावर मंत्री आहेत, समोर लाखोंचा समुदाय आहे. अशा वेळी तालुक्याचा आरोग्य अधिकारी स्वतःच्या जिवावर कार्यक्रम थांबवेल ही अपेक्षा निर्दयपणाची आहे. त्याच्या हातात सही-शिक्क्याचा कागद द्या. त्यावर लिहा: 37 अंश, छत नाही, गर्दी दहा हजारांच्या वर, तर कार्यक्रम होणार नाही. मग तो थांबवेल. त्याने नाही थांबवला, तर निदान जाब कुणाला विचारायचा हे तरी ठरेल.

आता ज्या शहरात हे घडलं त्याच्याकडे पाहा. लोकांसाठी नवी मुंबई एकच आहे. माणूस राहतो कामोठ्यात, कामाला जातो महापेला, पोर शिकतं नेरुळला, भाजी घेतो वाशीत. कागदावर मात्र या एका शहराची शकलं झालेली आहेत. दिघा ते बेलापूर नवी मुंबई महापालिका, जिल्हा ठाणे. खारघर, कळंबोली, कामोठे, पनवेल ही पनवेल महापालिका, जिल्हा रायगड. उलवे आणि द्रोणागिरी सिडकोकडे. उरणला नगरपरिषद. मधल्या औद्योगिक पट्ट्यांत एमआयडीसी. शेजारी बंदर आणि तेल-वायूचे प्रकल्प, त्यांची सुरक्षा यंत्रणा आणखी वेगळी. 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालेला विमानतळही आता या यादीत आला.

दिघ्यापासून उरणपर्यंत सगळ्यांना कवेत घेणारी हद्द एकच आहे, पोलीस आयुक्तालयाची. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कायदा काय म्हणतो? 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा राष्ट्र, राज्य, जिल्हा अशी उतरंड लावतो. जिल्ह्याच्या प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी, सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचा अध्यक्ष. जिल्हाधिकाऱ्याला मोठे अधिकार आहेत. तो दुसऱ्या खात्यांची माणसं कामाला लावू शकतो, गाड्या आणि इमारती ताब्यात घेऊ शकतो, रस्ता बंद करू शकतो. पण खारघरपासून हा अधिकार कर्नाळ्याची खिंड, पेण आणि वडखळचा चौक ओलांडून अलिबागला बसलेला आहे. वाशीसाठी तो ठाण्यात आहे. ज्यांच्या अखत्यारीत हे दोन्ही जिल्हे येतात ते कोकण विभागीय आयुक्त बेलापूरला कोकण भवनात बसतात, अगदी शहराच्या मधोमध. पण कायद्याच्या उतरंडीत विभागाची पायरीच नाही. जो माणूस जागेवर आहे त्याला कायद्याने खुर्ची दिलेली नाही. ज्याला खुर्ची दिली आहे तो खारघरपासून दीड-दोन तास लांब आहे.

महाराष्ट्राने याची किंमत आधी मोजलेली आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर मंत्रालयात नियंत्रण कक्ष आला, जिल्ह्यांचे आराखडे आले. देशातल्या बऱ्याच राज्यांच्या आधी आपण हे केलं, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. पुढे 26 जुलै 2005 आला. सांताक्रूझला 944 मिमी पाऊस झाला, त्याच दिवसांत महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडींनी घरं गाडली. त्या वर्षीच्या डिसेंबरात देशाचा कायदा झाला. आराखडे आहेत, कायदा आहे, आपत्ती प्रतिसाद दल आहे. पहिल्या तासाचा कारभारी मात्र अजून ठरलेला नाही.

ही अडचण फक्त आपली नव्हे. 1970 मध्ये कॅलिफोर्नियात वणवे पेटले तेव्हा ठिकठिकाणची अग्निशमन दलं धावून आली. माणसं शूर होती, बंब भरपूर होते. पण एकाचा वायरलेस दुसऱ्याला लागत नव्हता, एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती आणि कुणी कुणाचं ऐकायचं हे ठरलेलं नव्हतं. त्या फजितीतून त्यांनी एक पद्धत बसवली: घटनास्थळी हुकूम देणारा एकच, तो कोण हे आधीच ठरलेलं, बाकी सगळे त्याच्या हाताखाली, मग ते कुठल्याही खात्याचे असोत. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2010 मध्ये तीच पद्धत भारतासाठी मार्गदर्शक सूचनांच्या रूपाने छापली. घटना प्रमुख आधी नेमा, त्याचा पर्यायी माणूस नेमा, सगळ्यांना कळवा. मी ज्या माणसाची मागणी करतो आहे तो सरकारच्याच पुस्तकात पंधरा वर्षांहून जास्त काळ बसून आहे.

आता इर्शाळवाडी. नवी मुंबईच्या वाचकाने ती दूरची बातमी समजू नये. आपल्या नळाला येणारं पाणी मोरबे धरणाचं, आणि मोरबेचा जलाशय पसरला आहे तो इर्शाळगडाच्या परिसरातच. त्या गडाच्या कुशीत ठाकर आदिवासींची वाडी होती. 19 जुलै 2023 च्या रात्री, साडेदहा-अकराच्या सुमारास, दरड त्या वाडीवर आली. 27 मृतदेह सापडले. 57 जण सापडलेच नाहीत. 23 जुलैला शोध थांबवला, त्यांना मृत धरलं गेलं. एकूण 84.

वर गाडी जाईल असा रस्ता नव्हता. चिखलातून तास-दीड तासाची चढण. यंत्रं चढत नव्हती, हवा खराब म्हणून हेलिकॉप्टर उडत नव्हतं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, ठाण्याचं तसंच दल टीडीआरएफ, पोलीस, डोंगर भटकणारे गिर्यारोहक, फावडी-कुदळी घेतलेले मजूर असे सगळे हातांनी माती उपसत होते. नवी मुंबईतल्या अग्निशमन दलातले एक अधिकारी मदतीला निघाले आणि ती चढण चढतानाच हृदयविकाराने कोसळले. या शहराने त्यांचं स्मरण ठेवायला हवं.

त्या रात्रीच्या धावपळीत कुणी कमी पडलं असं मी म्हणणार नाही. कमी पडलं ते त्याच्या आधीचं. त्या भागात तीन दिवसांत जवळजवळ 500 मिमी पाऊस झाला होता. वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनेच विधिमंडळात सांगितलं. यादीत नाव नाही म्हणून धोका नाही, आणि धोका नाही म्हणून हलवायची कारवाई नाही. 30 जुलै 2014 ला दरडीखाली माळीण गाव गेलं, दीडशेवर माणसं गेली, आणि गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा कळवलं ते एसटीच्या चालकाने. 22 जुलै 2021 ला महाडचं तळिये गेलं, 80 हून जास्त माणसं. रस्ते पाण्याखाली होते म्हणून मदतही उशिरा पोचली. डोंगर यादी वाचून कोसळत नाही, हे तीनदा सिद्ध झालं.

इथेही तोच कागद हवा, फक्त पाऱ्याच्या जागी पाऊस. तालुक्याच्या पर्जन्यमापकात दोन दिवसांत अमुक मिलिमीटर पाऊस झाला की डोंगरउतारावरची प्रत्येक वाडी खाली आणायची, यादीत असो वा नसो. तो आकडा भूवैज्ञानिकांनी ठरवावा. हलवण्याचा हुकूम तहसीलदाराचा, त्यासाठी जिल्ह्याकडे विचारणा नको.

आणि खाली म्हणजे कुठे, हेही त्याच कागदावर. ठाकराच्या घरात शेळ्या असतात, कोंबड्या असतात, कणगीत धान्य असतं. "शाळेत चला" म्हणून माणूस उठत नाही. जनावरांना आडोसा आहे, संध्याकाळची भाकर आहे, बाईमाणसाला आडोशाचं न्हाणीघर आहे आणि मागे राहिलेल्या घरावर कुणाची नजर आहे, हे कळलं तर उठतो. पाऊस ओसरून काहीच झालं नाही, तरी पुढच्या वेळी पुन्हा उठेल. वाडीतल्या कर्त्या माणसाचा आणि वाटा पाठ असलेल्या गिर्यारोहकांचा मोबाइल नंबर तलाठ्याच्या फोनमध्ये मे महिन्यातच हवा. रात्री अकरा वाजता तो शोधत बसायचा म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायची.

ओडिशात 1999 च्या चक्रीवादळाने दहा हजारांच्या आसपास माणसं नेली. त्यांनी स्वतंत्र प्राधिकरण उभारलं, किनाऱ्यावर निवारे बांधले आणि गावोगावच्या माणसांना शिकवलं. 2013 मध्ये फायलीन आलं तेव्हा सुमारे दहा लाख लोक आधीच हलवले गेले होते आणि मृतांची संख्या काही डझनांत राहिली. ओडिशा आपल्याहून श्रीमंत नाही. वादळ किनाऱ्यावर यायच्या आधी कोण कुणाला कुठे नेणार, एवढं त्यांनी पक्कं ठरवलं होतं.

आता पुन्हा वाशीकडे. नवी मुंबईचा बराच भाग खाडीला भराव घालून केलेला, भरतीच्या पातळीच्या आसपासचा. म्हणून सिडकोने धारण तलाव ठेवले. कधी तलावाच्या तोंडाशी उभे राहून पाहा. नाल्याच्या मुखाला लोखंडी झडप असते, वरच्या बाजूला बिजागरीवर टांगलेली. खाडीत भरती चढली की बाहेरचं पाणी झडपेला आत रेटतं आणि ती मिटते. शहराचं पावसाचं पाणी तलावात साठतं. ओहोटी लागली की आतलं पाणी झडप ढकलून खाडीत निघून जातं. ना वीज, ना माणूस. अतिशय शहाणं काम आहे, ज्यांनी आखलं त्यांना मानलं पाहिजे.

पण झडपेच्या बेचक्यात थर्माकोलचा तुकडा, नारळ, गोणपाट अडकलं की ती पुरती मिटत नाही, आणि खाडी शहरात शिरते. तलावात गाळ भरला की साठवायला जागाच उरत नाही. त्या गाळात आता कांदळवन उगवलं आहे. तलाव सिडकोने केला, पालिकेकडे आला, कांदळवन वन खात्याच्या नजरेखाली, आणि कांदळवन तोडायचं तर 2018 च्या आदेशानुसार मुंबई उच्च न्यायालयाची परवानगी हवी. त्या आदेशाशी माझं भांडण नाही. खाडीकाठच्या शहराला कांदळवन भिंतीसारखं राखतं, ते वाचलंच पाहिजे. पण गाळ किती काढायचा, कांदळवन कुठलं ठेवायचं, कुठलं हलवायचं, हा एकत्रित अर्ज तीन कार्यालयांनी मिळून डिसेंबरात करायचा असतो. जुलैत, साडेचार मीटरच्या भरतीच्या दिवशी, गुडघाभर पाण्यात उभं राहून एकमेकांवर खापर फोडण्यात काय अर्थ आहे?

कारखान्यांविषयी थोडक्यात. ठाणे-बेलापूर पट्टा आणि तळोजा, दोन्हीकडे रसायनं आहेत, टँकर आहेत. भोपाळनंतर नियम झाले, 1996 च्या रासायनिक अपघात नियमांनी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्कालीन गट नेमले. 3 सप्टेंबर 2019 ला उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात आग लागून चार जण गेले. मला एवढंच विचारायचं आहे: वायुगळतीचा सायरन वाजला तर तळोज्याच्या पाचनंद वसाहतीतल्या बाईने दार लावून घरात बसायचं की वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघायचं? तिला हे कुणी, कधी सांगितलं? कारखान्याच्या आत सराव होतो, तो सकाळी दहा वाजता, सगळे हजर असताना. एक सराव रविवारी रात्री अकराला घ्या, कुंपणाच्या बाहेर, वसाहतीसकट.

जमत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. 2020 मध्ये वाशीचं सिडकोचं प्रदर्शन केंद्र बघता बघता कोविड रुग्णालय झालं. इमारत एकाची, डॉक्टर दुसऱ्याचे, ऑक्सिजन तिसऱ्याचा. त्या वेळी हुकूम एका ठिकाणाहून सुटत होता आणि सगळे ऐकत होते. हद्दी तेव्हाही होत्याच.

आपण नागरिकांनीही कान टोचून घ्यायचे आहेत. किल्लारीपासून सांगली-कोल्हापूरच्या 2019 च्या पुरापर्यंत आणि पुढे महाड-चिपळूणपर्यंत आपल्या सोसायट्यांनी ट्रक भरभरून पाठवले, मनापासून पाठवले. त्यात फाटकी झंपरं, लग्नातल्या जरीच्या साड्या, एका पायातल्या चपलाही गेल्या. ज्या अरुंद रस्त्यावरून रुग्णवाहिका जायची तिथे हे ट्रक अडले. ज्या शाळेत माणसं झोपायची तिथे कपड्यांचे ढीग पडले, आणि ते निवडायला मदतीच्या कामातली माणसं लागली. पाठवायचंच असेल तर आधी तालुक्याच्या नियंत्रण कक्षाला फोन करा. ते ताडपत्री म्हणाले तर ताडपत्री, क्लोरीन म्हणाले तर क्लोरीन, सॅनिटरी पॅड म्हणाले तर पॅड. काहीच नको म्हणाले तर पैसे. आणि पहिल्या दोन दिवसांत फोटो काढायला तिथे जाऊ नका, ही हात जोडून विनंती.

2025 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. महापालिका असलेल्या शहरांसाठी राज्य सरकारला आता नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमता येतं. पालिका आयुक्त अध्यक्ष, जिल्हाधिकारी उपाध्यक्ष. पाऊल चांगलं आहे, कारण शहरातल्या माणसाच्या हाती सूत्रं येतील. पण नवी मुंबईपुरता हिशोब मांडून पाहा. ठाणे जिल्ह्यात महापालिका सहा: ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, भिवंडी-निजामपूर, उल्हासनगर. ठाण्याचे जिल्हाधिकारी या सहाही ठिकाणी उपाध्यक्ष होतील, आणि ढगफुटीच्या दिवशी सहाही शहरं एकाच वेळी बुडतात. खारघर आणि बेलापूर यांच्यामध्ये एक टेकडी आहे, पण एकाचं प्राधिकरण पनवेलचं, दुसऱ्याचं नवी मुंबईचं. उलवे, द्रोणागिरी, उरण या दोन्हींच्या बाहेर. वायूचा ढग तळोज्यातून निघाला तर वारा ज्या हद्दीत नेईल तिथलं प्राधिकरण शोधायचं का?

माझं म्हणणं असं: पहिले दोन तास पोलीस आयुक्तालयाच्या नियंत्रण कक्षातला ड्युटीवरचा वरिष्ठ अधिकारी हाच संपूर्ण पट्ट्याचा घटना प्रमुख. कारण त्याची हद्द सलग आहे, त्याचा वायरलेस चोवीस तास चालू आहे, त्याची माणसं शहराच्या प्रत्येक भागात आहेत. दोन तासांनंतर, आग असो, पूर असो, वायू असो, ज्याचा विषय त्या आयुक्ताकडे किंवा जिल्हाधिकाऱ्याकडे सूत्रं द्यायची, आणि ती दिली याची वेळ नोंदवायची. पोलिसांना पुराचं काय कळतं, असा आक्षेप येईल. कळायची गरज नाही. बंब कुठून मागवायचा, कुठला रस्ता मोकळा ठेवायचा आणि कुणाला झोपेतून उठवायचं, एवढं त्या दोन तासांत लागतं. ते त्यांना चांगलं जमतं. आणि खारघरसारख्या कार्यक्रमात आरोग्य अधिकाऱ्याचा "थांबवा" हा शब्द अखेरचा, त्यावर अपील नाही.

यासाठी नवा कायदा नको, नवी इमारत नको, परदेश दौरा तर मुळीच नको. एका पानाचा मराठी कागद हवा. त्यावर तापमानाचा आकडा, पावसाचा आकडा, भरतीचा आकडा, प्रत्येकापुढे माणसाचं पद आणि तो रजेवर असेल तर दुसऱ्याचं पद. बदली झाली की कागद त्याच दिवशी बदलायचा. हा कागद प्रत्येक पोलीस ठाण्यात, विभाग कार्यालयात, स्टेशनबाहेर, सोसायटीच्या फळ्यावर, वाडीच्या समाजमंदिरात लावायचा.

त्यावर सह्या सहा लागतील: ठाणे आणि रायगडचे जिल्हाधिकारी, नवी मुंबई आणि पनवेलचे पालिका आयुक्त, पोलीस आयुक्त, सिडकोचे व्यवस्थापकीय संचालक. विभागीय आयुक्तांनी हे सहा जण कोकण भवनात एका टेबलाशी बसवावेत आणि सह्या झाल्याशिवाय कुणाला उठू देऊ नये. पावसाळा साधारणपणे जूनच्या सुरुवातीला येतो. बैठक त्याच्या आधीची हवी, आणि तिची तारीख आजच जाहीर करा.